शेवटच्या पानापर्यंत उजेड

दाजी आठवायचे म्हटलं की मला त्यांचा चेहरा नंतर आठवतो, आधी पाठ आठवते. पंगतीत वाकलेली पाठ, अंगाला चिकटलेला बनियन, कमरेला करकचून बांधलेला पंचा, एका हातात आमटीची बालदी आणि दुसऱ्या हातात ओगराळं. पाय इतके फाकवलेले की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या पायाखालची जमीन हलते आहे. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खलाशांना जेवण वाढायचे. जहाज सोडून किती वर्षं झाली होती, पण बालदी हातात आली की त्यांची चाल बदलायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बालदी धरली की माका लाटो दिसतत. तुका दिसणत नाय, ता तुझा नशीब."

आमचं घर त्यांच्या घराला लागून. आई मासे विकते, बाबा बोटीवर जातात, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मला असं काही लिहायची सवय नाही. पण दाजींबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि वाडीतले बाकीचे लोक नुसतेच सांगत बसतात, म्हणून लिहिते आहे.

वाडीत लग्न असो, बारसं असो की देवळाचा महाप्रसाद, पंगत दाजींच्या ताब्यात असे. त्यांचा एक नियम होता, आणि तो मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. ते वाढायला सुरुवात शेवटच्या पानापासून करत. कारण विचारलं की म्हणत, "वाढपी सुरुवातीक राजो असता आणि शेवटाक भिकारी. भरल्या बालदीन सगळे दान करतत. बालदी खपाक इली की मगे मेलो थेंब थेंब सोडता." म्हणून ते पंगतीच्या कडेला, दर दहा-बारा पानांमागे, एक भरलेली बालदी झाकून ठेवायला लावत. वाढणाऱ्याने परत चुलीपर्यंत धावायचं नाही, पुढची बालदी उचलायची. आणि पंगत निम्मी उरकली की ते पहिल्या पानापाशी उभे राहून, कमरेवर हात ठेवून, समोरच्या टोकाला हाक मारायचे: "शेवटचा पान काय म्हणता?"

तिकडून कुणीतरी "आमटी दाट आसा" असं ओरडलं की दाजी खूश.

एकदा फोंडाघाटाहून वऱ्हाड आलं होतं. नवऱ्या मुलाचे मामा मानाने पहिल्या पानावर बसले आणि दाजी त्यांच्यासमोरून बालदी घेऊन तडक शेवटाला गेले. मामांना ते लागलं.

"ओ वाढपी, हय माणसा बसली नाय काय?"

"बसली आसत ना. उठा नको," दाजी लांबूनच म्हणाले. "मी थंयसून चलत येतंय."

मामांच्या पानापर्यंत आमटी पोचली तेव्हा त्यांचा भात गार झाला होता. पुढच्या वर्षी त्याच घरात दुसरं लग्न निघालं तेव्हा मामा शहाणे होऊन आले आणि थेट शेवटच्या पानावर बसले. पण पंगतीला माणसं येत राहतात. मामांच्या पलीकडे एकजण बसला, मामा उठून त्याच्या पलीकडे गेले. मग आणखी एक कुटुंब आलं. मामा आपलं पान दोन्ही हातांत धरून सरकत सरकत विहिरीपर्यंत गेले. दाजी बालदी घेऊन त्यांच्या मागोमाग. शेवटी दाजी म्हणाले, "पावणेनू, अजून फुडे गेलात तर पवत जावचा लागात." मामांनाच आधी हसू फुटलं. त्यांनी त्या दिवशी किती आमटी प्यायली हे फोंडाघाटात अजून सांगतात म्हणे.

"शेवटचा पान काय म्हणता?" हा प्रश्न दाजी पंगतीबाहेरही विचारत. गावात नळाची लाईन आली तेव्हा अधिकाऱ्यांना विचारला. नवीन सून घरात आली तेव्हा तिच्या सासूला विचारला. मी कणकवलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जायला लागले आणि पहिल्या सुट्टीत घरी आले, तेव्हा मला विचारला. मी खरं ते सांगितलं. मी शेवटच्या बाकावर बसत होते, सर इंग्रजीत शिकवत होते आणि मला निम्मं कळत नव्हतं.

"मगे मास्तराक सांगलंस?"

"लाज वाटते."

"लाज तुका कित्याक? पान तुझा रिकामी आसा, लाज वाढप्याक वाटाक व्हयी." मग जरा विचार करून म्हणाले, "तेंका सांग, एक दिवस मागसून सुरू करा."

मी सरांना असं काही सांगितलं नाही. पण तास संपल्यावर शंका विचारायला जायला लागले, आणि सर दुसऱ्यांदा मराठीत सांगायला लागले.

आता आबांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आबा हे दाजींचे धाकटे भाऊ. दाजी वाढायचे आणि आबा रांधायचे. देवळामागच्या मोठ्या चुलवणावर काळ्या वाटाण्याची आमटी ढवळत उभे राहिलेले आबा आणि पंगतीत डुलत चाललेले दाजी, अशी ती जोडी होती. मी शाळेत असताना एका महाप्रसादाला अंदाजापेक्षा जास्त माणसं आली. आमटी पुरेना. आबांनी कुणाला न सांगता टोपात पाण्याची कळशी रिकामी केली. आमटी वाढली, पण त्या दिवशी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळीकडे धावत सुटली. दाजी भर पंगतीत म्हणाले, "ही आमटी नाय, न्हाणीतला पाणी आसा." आबांनी हातातला कालथा टोपावर आडवा ठेवला आणि घरी गेले. त्या दिवसापासून दोघे बोलायचे बंद झाले. घरं समोरासमोर, वाट एकच, पण बोलणं नाही.

आबांनी चुलवण सोडलं, महाप्रसाद मात्र सोडला नाही. दरवर्षी ते उशिरा यायचे आणि शेवटच्या पानावर बसायचे, दाजींकडे पाठ करून. आमच्या देवळाची पंगत अंगणात सुरू होते आणि माडांमधून समुद्राच्या दिशेने लांबत जाते. अंगणात ट्यूबलाईट असायच्या. माडांत काळोख. त्या काळोखात आबा बसलेले आहेत हे सगळ्यांना माहीत असायचं, आणि दिसत नसल्यामुळे त्याविषयी कुणाला बोलावं लागायचं नाही. दाजी पहिल्या पानापाशी उभे राहून पूर्वीसारखंच विचारायचे, "शेवटचा पान काय म्हणता?" कुणीतरी मधला माणूस "दाट आसा" म्हणायचा. पण दाजी हल्ली ते उत्तर ऐकल्यावरही जरा वेळ तसेच उभे राहायचे. हा प्रश्न आता कुणासाठी असतो ते आईने मला सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा देवळाच्या कमिटीची बैठक झाली. सेक्रेटरी सुहासदादा मुंबईला नोकरी करायचा आणि सणावाराला गावी यायचा. चांगला माणूस, पण त्याच्याकडे नेहमी एक सुधारणा असायची. त्या वर्षीची सुधारणा बुफे होती. सभागृहात टेबलं मांडायची, ट्यूबलाईटखाली लोक आपापलं वाढून घेतील. कारणही त्याने नीट दिलं. आदल्या वर्षी माडांतल्या काळोखात एका पोराने कुणाच्या तरी पानावर पाय दिला होता आणि एका आजोबांनी शेंग समजून अख्खी मिरची चावली होती.

"उभ्यान जेवतत ती म्हशी," दाजी म्हणाले.

"दाजी, म्हशी बसून पण खातत," सुहासदादा म्हणाला.

सगळे हसले. दाजी नाही हसले. सगळ्यांना वाटलं, मान गेला म्हणून रागावले. पण मी त्यांच्या शेजारी वाढले आहे. बुफेत शेवटचं पान नसतं. आणि हातात ताटली घेऊन रांगेत उभे राहायला आबा कधीच आले नसते.

दाजींनी बराच वेळ कानामागे खाजवलं. मग म्हणाले, "शेवटच्या पानार उजेड पाडलंय तर?"

"पाडा. पहिल्या पानावर जेवढा तेवढाच शेवटच्या पानावर. मग पंगत. माझा शब्द," सुहासदादा म्हणाला. आणि चांगला माणूस असल्यामुळे त्याने स्वतःच पिशवीतून एलईडी पट्टीची बंडलं काढली. मुंबईत त्याच्या सोसायटीच्या गणपतीसाठी घेतलेली होती, वर्षभर पडून होती, म्हणून सभागृहाला लावायला आणली होती. चिकटपट्टीसारखी पातळ पट्टी, तिच्यावर ओळीने बारके पांढरे दिवे. वाडीत तोपर्यंत कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. दाजींनी एक बंडल उलगडून गळ्यात घालून पाहिलं.

पट्टी बारा व्होल्टची होती आणि बोटीची बॅटरीही बारा व्होल्टची असते. एवढं मी सांगितलं आणि बाबांनी आमच्या बोटीची बॅटरी काढून आणली. महाप्रसादाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, माडामाडाला काथ्याने पट्टी बांधून, सगळी बंडलं एकापुढे एक जोडली. बॅटरी देवळाच्या पायरीशी. मी तार लावली.

देवळापाशी लख्ख उजेड पडला. बायका हसायला लागल्या, पोरं नाचायला लागली. पण पट्टी जसजशी समुद्राकडे गेली तसतशी मंद होत गेली, आणि शेवटच्या माडावरचे दिवे विझत आलेल्या उदबत्तीसारखे दिसत होते. दाजी तिथे मांडी घालून बसले होते.

"शेवटचा पान काय म्हणता?" देवळाकडून कुणीतरी त्यांनाच विचारलं.

"शेवटचा पान उपाशी आसा," दाजी म्हणाले. मग एकदम उठले. "अरे, आपण सुरुवात खयसून केली? फुडसून. चुकलाच ता."

बॅटरी बांबूला टांगून चौघांनी शेवटच्या माडापाशी नेली. आता समुद्राकडची बाजू लख्ख झाली आणि देवळाची पायरी काळोखात गेली. पुजाऱ्यांनी बाहेर येऊन विचारलं, "देवान काय केल्यान?" मग दाजींनी शेजारच्या बोटीची बॅटरी मागवली आणि दोन्ही टोकांना एक एक लावली. हे बरंच बरं झालं. दोन्ही टोकं उजळली, मधला भाग मात्र पिवळट राहिला. दाजी मध्ये जाऊन बसले, उठले, परत बसले.

"मधल्यांनी काय पाप केल्यानी?"

मला हे का होतं ते माहीत होतं. सरांनी शिकवलं होतं. पट्टीतलं तांबं कागदाइतकं पातळ असतं. सगळ्या दिव्यांचा करंट त्याच पातळ तांब्यातून जातो आणि वाटेत व्होल्टेज खर्च होत जातं. लांबी जितकी जास्त तितकं शेवटाला कमी पोचतं. उपायही माहीत होता. पट्टी कापायची. पण पट्टी सुहासदादाची, सोसायटीच्या गणपतीची, आणि आजूबाजूला सगळी वाडी उभी. मी हातातली तार नुसतीच गुंडाळत राहिले. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पंगतीत कुणाला काय हवं आहे ते चेहऱ्यावरून कळायचं.

"काय व्हया तुका? बोल गो."

"कापायला हवी," मी म्हटलं.

"काय?"

"पट्टी. खुणा आहेत तिच्यावर, तिथे कापली तर बिघडत नाही. एवढी लांब एकच नको. तुकडे करून, दोन तुकड्यांच्या मध्ये एक बॅटरी ठेवायची. एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे. जाड तारेने जोडायचं. मग कुठल्याच दिव्याला लांबून घ्यावं लागणार नाही."

दाजींनी पट्टी हातात घेऊन तिच्यावरच्या खुणा चाचपल्या. मला वाटलं, काही कळलं नाही.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "दर दहा पानांमागे एक भरलेली बालदी."

"हो. तसंच."

"मगे ह्यां इतको वेळ पोटात कित्याक ठेवलंस?" आणि ते मागे वळून अख्ख्या वाडीवर ओरडले, "बॅटरे हाडा रे."

सुहासदादाने कात्री स्वतः आणून दिली. पुढचा तासभर काय चाललं होतं ते सांगता येत नाही. महाप्रसादामुळे बोटी किनाऱ्यालाच होत्या. बांबूवर टांगलेल्या बॅटऱ्या एकामागून एक पालख्यांसारख्या येत होत्या. प्रत्येकाला आपल्याच बोटीची बॅटरी कुठल्या माडाखाली आहे ते बघायचं होतं. मी खाली बसून प्लस-मायनस बघत, प्रत्येक बॅटरीला फ्यूज लावत पुढे सरकत होते, आणि दाजी माझ्यापुढे पाय फाकवून उलटे चालत, "सांभाळून, सांडा नको, सांडा नको," असं म्हणत होते. काय सांडणार होतं ते त्यांनाच ठाऊक. शेवटची तार लागली आणि देवळाच्या पायरीपासून समुद्रापर्यंत एकसारखी पांढरी रेघ उमटली. कुठे एक बॅटरी संपते आणि दुसरी सुरू होते ते कुणालाही शोधून सापडलं नसतं. सुहासदादा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला, "पंगत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंगत बसली. पानंसुद्धा हिरवी दिसत होती. आजवर माडांतलं पान हिरवं असतं हे कुणाला माहीत नव्हतं. आबा नेहमीप्रमाणे उशिरा आले आणि माडांपाशी थबकले. काळोख नव्हता. सगळी पंगत मान वळवून त्यांच्याकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. मी शेवटच्या बॅटरीपाशी बसले होते. मला वाटलं, आता हे परत जातात. उजेड मी पाडला होता, आणि क्षणभर मला वाटलं, तार काढून टाकावी.

आबांनी पट्टीकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. पोटात भूक असावी. बसले.

दाजींनी वाढायला सुरुवात शेवटाकडूनच केली, पण शेवटचं पान नेहमीसारखं दुसऱ्या वाढप्याकडे दिलं आणि आपण त्याच्या अलीकडच्या पानापासून. मग पुढे गेले. पंगत निम्मी झाली. पहिल्या पानापाशी पोचल्यावर ते वळले, कमरेवर हात ठेवले.

"शेवटचा पान काय म्हणता?"

नेहमीचा मधला माणूस "दाट" म्हणायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात आबा माझ्याकडे बघून, पण अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असे म्हणाले, "तेका सांग, आमटी पातळ आसा."

लोकांचे घास हातात राहिले.

दाजी निघाले. बालदी घेऊन, पाय फाकवून, पंगतीच्या मधून, एवढ्या वेगाने की वादळात जहाज असतं तर तेही इतकं हललं नसतं. आबांच्या पानासमोर वाकले आणि भरलेलं ओगराळं भातावर ओतलं. आमटी जिथे पडली तिथेच थांबली.

"पातळ? माझी आमटी पातळ? बघ. हलता?"

"उजेडात दाट दिसता," आबा म्हणाले.

"आणि इतकी वर्षां काळोखात बसान काय दिसलां तुका?"

"काळोखात जिबेन कळता. मीठ कमी आसा."

"मीठ मी घालणंय नाय. रांधपी घालता."

"रांधप्याक काय कळणा नाय."

"मगे फुडल्या वर्साक तूच ढवळ," दाजी ओरडले.

"ढवळतंय," आबा ओरडले.

एवढं झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपण बोललो. आबांनी घाईने भात कालवायला घेतला. दाजींनी उगाचच माझ्याकडे वळून विचारलं, "बॅटरी बरी आसा मा?" पहिलं हसू कुठून आलं ते मला माहीत नाही, पण ते त्या पट्टीसारखं देवळापर्यंत गेलं, आणि पुजारीसुद्धा पायरीवर बसून पोट धरून हसत होते.

पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, मला गोव्यात नोकरी लागली. दाजींना मी शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी सकाळी; माझ्या पहिल्या सुट्टीआधीच ते गेले. एसटीत मला शेवटची सीट मिळाली होती. आई खिडकीखाली उभी होती. एवढ्यात दाजी आणि आबा दोघेही गुळात घोळलेल्या मालवणी खाज्याचे पुडे घेऊन गाडीत चढले. मला एक पुडा दिला असता तर झालं असतं. पण दाजी माझ्यापाशी आले, पुडा फोडला, मला दिलं, माझ्या शेजारच्या बाईंना दिलं, आणि तिथून पुढे पुढे, एकेका सीटवर, ओळख नसलेल्या माणसांना "घ्या, घ्या, आमचा चेडू नोकरेक जाता" म्हणत खाजं वाढत निघाले. आबांनी ड्रायव्हरच्या बाजूने सुरुवात केली होती. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला.

"थांब रे," दाजी मान वर न करता म्हणाले. "पंगत उठाक नाय अजून."

गाडी चालू झाली तेव्हा दोघे मधल्या सीटपाशी पोचले होते. तिथे बसलेल्या गृहस्थाच्या एका हातात दाजींनी खाजं ठेवलं, दुसऱ्या हातात आबांनी. मग दोघे त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडायला लागले, याला आधी कुणी दिलं म्हणून. कंडक्टरने त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. धुरळ्यातून मागच्या काचेतून दिसलं ते एवढंच, की दाजी रस्त्यात पाय फाकवून उभे आहेत, आबा शेजारी, आणि दाजी हाताचा पोंगा करून गाडीच्या दिशेने काहीतरी ओरडून विचारताहेत. काय विचारताहेत ते ऐकू यायची गरज नव्हती. तोंड खाज्याने भरलेलं होतं, म्हणून मी हात वर करून खूण केली.

दाट.